कामठीतले मेडलचे दुकान आणि बसऱ्याला गेलेल्या शिपायाची पदके

कामठी छावणीच्या बाजारात फौजी सामानाची जी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात जुनी युद्धपदके साफ करून, नव्या रिबनला लावून, काचेच्या चौकटीत बसवून मिळतात. दुकान लहान आहे, पाटी उडालेली आहे, आणि दारातून पाहिले तर बूट, पट्टे, नावाच्या पट्ट्या, शिट्टीच्या दोऱ्या आणि टोपीवरचे बिल्ले यांशिवाय काही दिसत नाही. दुकानाचे नाव मालकांच्या विनंतीवरून येथे लिहिलेले नाही. हातातले काम आधीच साचले आहे, असे त्यांचे म्हणणे असून ते खरे असल्याचा पुरेपूर अनुभव मी घेतला आहे. बाजारात जुन्या मेडलचे काम कुठे होते असे विचारले तर कोणीही बोट दाखवतो.

आमच्या घरातील पहिल्या महायुद्धाची तीन पदके आणि मृत सैनिकाच्या कुटुंबाला दिली गेलेली कांस्याची स्मृतिचकती मी या दुकानात दिली होती. चौकट भिंतीवर लागून एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे, त्यामुळे कामाच्या टिकाऊपणाविषयीही आता बोलता येईल. निकाल आधीच सांगतो. पदकांचे काम उत्तम आहे, कागदोपत्री व्यवहार ढिसाळ आहे, आणि वेळेच्या बाबतीत दुकानाच्या शब्दावर विसंबू नये. तरीही ज्यांच्या घरी अशी पदके आहेत त्यांनी नागपुरात दुसरीकडे कुठे जाण्याआधी इथे जावे, कारण पदकाच्या कडेवर ठोकलेल्या नावाला हात न लावणारे दुसरे दुकान मला शहरात आढळले नाही.

नावाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी ती पदके ज्यांची आहेत त्यांच्याविषयी सांगावे लागेल. ते माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. घरात त्यांना आबा म्हणतात आणि ‘बसऱ्याला गेले ते आबा’ एवढ्याच ओळखीवर ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले; आजोबा रेल्वेच्या नोकरीत अजनीला आले तेव्हा त्यांच्या लोखंडी ट्रंकेतून ही पदके नागपुरात आली. आबा ११७ मराठाज्‌ या पायदळ पलटणीत साधे शिपाई होते. त्यांना बढती मिळाली नाही, शौर्यपदक मिळाले नाही, त्यांचे एकही पत्र किंवा छायाचित्र उरलेले नाही. जे काही लेखी आहे ते या चार धातूच्या तुकड्यांवर आणि राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या) एका नोंदीत आहे.

ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. इराणच्या आखातातील तेलाचे हितसंबंध राखण्यासाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये ही ब्रिगेड शत्‌-अल्‌-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे उतरली आणि तो महिना संपण्याआधी आजच्या इराकमधले, तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेले बसरा ताब्यात आले. पुढच्या एप्रिलमध्ये, १२ ते १४ तारखांना, शैबा येथे मोठी लढाई झाली. बसरा आणि शैबा यांच्यामधला प्रदेश पुराच्या पाण्याखाली असल्याने कुमक होड्यांतून आणावी लागली होती, आणि शेवटच्या दिवशी पायदळाने उघड्या मैदानावरून संगिनी लावून तुर्कांचे खंदक घेतले. या मोहिमेतील कामगिरीबद्दल ११७ मराठाज्‌ना युद्धानंतर ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. त्यानंतर सहाव्या डिव्हिजनचे ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड यांनी तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सैन्य पुढे नेले. पुरवठ्याच्या बोटी कमी होत्या, रुग्णवाहिका जवळजवळ नव्हत्या, आणि सैन्य समुद्रापासून जसजसे दूर गेले तसतसा हा तुटवडा अधिक जाचू लागला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे, सासानी काळातील प्रचंड कमानीच्या परिसरात, लढाई झाली आणि चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांवर घालून नदीपर्यंत आणण्यात आले. त्या हालांचा इतका बोभाटा झाला की ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९१७ मध्ये आपल्या अहवालात संपूर्ण वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला.

माघार घेत हे सैन्य डिसेंबरच्या सुरुवातीला कुत-अल्‌-अमारा या नदीच्या वळणातल्या गावी पोहोचले आणि तिथेच वेढले गेले. वेढा जवळपास पाच महिने चालला. जानेवारीत पुराचे पाणी खंदकांत शिरले. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे मारून खाण्याचा हुकूम झाला. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवावी लागली. पोषणाअभावी स्कर्व्ही हा हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग पसरला. विमानांतून पीठ टाकण्याचे प्रयत्न झाले, आणि दळण्यासाठी जात्याचा एक दगडही आकाशातून सोडण्यात आला, हे वाचल्यावर माझी आत्या बराच वेळ काही बोलली नव्हती. वेढा फोडण्यासाठी खालून आलेल्या सैन्यापैकी सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली, आणि तरी कुतपर्यंत कोणी पोहोचू शकले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोकांसह टाउनशेंड शरण गेले. हिंदी युद्धकैद्यांपैकी अनेकांना पुढे आजच्या सीरियातील रास-अल्‌-ऐनकडे रेल्वेमार्गाच्या कामावर नेण्यात आले आणि त्यांतले किती तरी परतले नाहीत.

आबांनी शरणागती पाहिली नाही. आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांचा मृत्यू फेब्रुवारी १९१६ मधला, म्हणजे वेढ्याच्या मध्यावरचा आहे. नोंदीत त्यांचा क्रमांक, हुद्दा, पलटण, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका आहे. गोळीने, तापाने की उपासमारीने, हे तिथे लिहिलेले नाही. घरात मात्र ‘तलवार घेऊन तुर्कांवर धावून गेले’ अशी कथा चालत आली होती. त्या काळच्या पायदळ शिपायाच्या हाती बंदूक आणि संगीन असे, एवढे तरी त्या कथेने ध्यानात ठेवायला हवे होते.

कबर नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मरण पावलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या चाळीस हजार पाचशेहून अधिक लोकांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. ते आधी माकिलच्या गोदीजवळ नदीकाठी होते. १९९७ मध्ये इराकी सरकारने ते तेथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन उभे केले. या स्मारकाच्या फलकांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांचीही नावे आहेत, पण हिंदी शिपायांचा पलटणीगणिक केवळ आकडा आहे. त्यांची नावे वेगळ्या नोंदवहीत गेली. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून ही असमान वागणूक मान्य केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. माफीने फलकावरचा आकडा बदलत नाही. म्हणजे आबांच्या हयातीच्या जवळपास, त्यांच्यासाठी म्हणून, धातूत उमटवलेले त्यांचे नाव आहे ते आमच्या ट्रंकेतल्या पदकांवर आणि चकतीवर. अन्यत्र कुठेही नाही.

ते नाव कुठे असते हे अनेकांना माहीत नसते, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. १९१४-१५ स्टार हा कांस्याचा तारा आहे आणि त्याची मागची बाजू सपाट असते. तिच्यावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ओळींत ठोकलेली असतात. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धक्षेत्रात उतरलेल्यांना तो मिळाला. ब्रिटिश वॉर मेडल हे ३६ मिलिमीटर व्यासाचे चांदीचे पदक, आणि व्हिक्टरी मेडल हे सोनेरी झाकीचे कांस्यपदक. या दोहोंवर नाव असते ते कडेवर, म्हणजे नाण्याची जी जाडी असते त्या अरुंद पट्टीवर. चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदके तयार झाली. मजूर दलांतील हिंदी माणसांना तेच पदक कांस्यात मिळाले. दर्शनी बाजूस राजा, घोडेस्वार, पंखवाली विजयदेवता हे सगळे लाखो पदकांवर सारखेच आहे. वेगळे असते ते फक्त कडेवरचे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, त्या वेळच्या कारकुनाला ऐकू आले तसे, आमच्या आजच्या स्पेलिंगपेक्षा निराळे. ही अक्षरे फार उथळ असतात, आणि चांदी मऊ असते.

स्मृतिचकती १२० मिलिमीटर व्यासाची आहे. तिच्यावर ब्रिटानिया ही ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, सिंह आणि दोन डॉल्फिन आहेत, आणि सिंहाच्या डोक्यावरच्या आयतात मृताचे नाव उठावात ओतलेले आहे, हुद्द्याशिवाय. अशा साडेतेरा लाखांहून अधिक चकत्या बनल्या आणि सेनापती असो की शिपाई, मांडणी एकच ठेवली गेली. आमच्या घरी ही चकती देवघराशेजारी ठेवलेली असे आणि दर दिवाळीला समया, तांब्या, पंचपात्री यांच्याबरोबर चिंच-राखेने लख्ख घासली जाई. पणजी, आजी, आत्या, सगळ्यांनी ती भक्तिभावाने घासली. परिणामी नावाची पहिली तीन अक्षरे कडांनी गोल झाली असून सिंहाची आयाळ जवळजवळ सपाट आहे. चांदीच्या पदकाला मधल्या काळात कोणीतरी कडी झाळून ते पोरांच्या गळ्यात घातले होते. झाळणीचा डाग वरच्या दांडीवर आजही आहे.

अशा अवस्थेतली ही पदके घेऊन मी आधी इतवारीच्या सराफ्यात गेलो. तिथल्या कारागिराने ती वजनकाट्यावर ठेवली, चांदीचा भाव सांगितला आणि मोडीत द्यायची नसतील तर मशीनवर फिरवून ‘नव्यासारखी’ करून देण्याची तयारी दाखवली. त्याला दोष नाही. दागिन्यांच्या कामात हेच योग्य असते. शहरातल्या फ्रेमवाल्यांपैकी एकाने नमुना म्हणून दाखवलेल्या चौकटीत पदके गोंदाने डकवलेली होती आणि रिबन उलट्या बाजूने लागली होती. तिथून मी चहाही न घेता निघालो.

कामठीच्या दुकानात मालकांनी पदके हातात घेण्याआधी सुती हातमोजे घातले, भिंग घेतले, आणि चित्रांकडे न पाहता थेट कडा फिरवून वाचायला सुरुवात केली. ते स्वतः फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. वाचून झाल्यावर त्यांनी अक्षरे एका कागदावर जशीच्या तशी उतरवली, जिथे अक्षर संशयास्पद होते तिथे फुली केली, आणि मग विचारले, “चमकवून पाहिजे का भाऊ?” मी नको म्हटल्यावर ते म्हणाले, “बरं झालं. पाहिजे म्हटलं असतं तरी मी नसतं केलं. घासलं का नाव जाते.” या एका वाक्यावर मी काम दिले आणि ते वाक्य त्यांनी पाळले.

साफसफाई म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडे करणे, एवढीच. कोणतेही पॉलिश नाही, कोणताही लेप नाही. चांदीवरचा काळपटपणा तसाच ठेवला, कारण तो एक थर आहे आणि तो काढला म्हणजे त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. खळग्यांत साचलेली चिंचेची आणि राखेची जुनी वाळकी पुटे मात्र बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, एकेक करून काढली. झाळणीचा डाग काढू का, असे त्यांनी विचारले. मी ठेवायला सांगितला. तो डागही आता त्या पदकाच्या चरित्राचा भाग आहे, असे माझे मत आहे, घरात सर्वांचे नाही.

रिबनचे काम त्यांच्या सूनबाई करतात आणि ते अतिशय नेटके आहे. तीन रिबनचे रंग, क्रम आणि दिशा यांचे नियम ठरलेले आहेत. पाहणाऱ्याच्या डावीकडून आधी स्टार, मग वॉर मेडल, मग व्हिक्टरी मेडल. स्टारच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रिबनची लाल बाजू डावीकडे यायला हवी. वॉर मेडलच्या रिबनला मध्ये केशरी पट्टा आणि दोहों बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेघा, आणि व्हिक्टरी मेडलची रिबन म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन इंद्रधनुष्ये. आमच्या मूळ रिबनींपैकी स्टारची पूर्ण फाटली होती आणि उरलेल्या दोन धाग्याला आल्या होत्या. नव्या रिबन विणीच्या आहेत, छापील नाहीत. पदके एकमेकांवर आपटून कडेवरची अक्षरे दबू नयेत म्हणून तिन्हींमध्ये अंतर ठेवले आहे. छातीवर लावायची असतात तेव्हा ती एकमेकांवर चढवून लावतात, पण भिंतीवर तसे करण्याचे कारण नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

चौकटीच्या साहित्याची निवड हा या दुकानाचा दुसरा मोठा गुण. साधारणपणे मागे प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) आणि त्यावर मखमल लावली जाते. एमडीएफमधून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते आणि बंद काचेआड ती कांस्यावर चढते. लोकरीच्या कापडातून आणि रबरातून गंधक सुटते आणि चांदी काळी पडते. त्यांनी आम्लरहित पुठ्ठा आणि धुतलेले सुती कापड वापरले, पदके दोऱ्याने बांधून बसवली आणि गोंदाचा एक थेंबही वापरला नाही. मागचे झाकण स्क्रूचे आहे, त्यामुळे पदक बाहेर काढून कड वाचता येते. चकतीसाठी खाली खाच कापली आहे, म्हणजे तिचे वजन कापडावर येत नाही. स्टारची मागची बाजू चौकटीत दिसत नाही, म्हणून तिचे आणि दोन्ही कडांचे मोठे केलेले छायाचित्र खाली लावण्याची कल्पना त्यांचीच. पाहुणे आता आधी ते छायाचित्र वाचतात आणि मग पदकांकडे बघतात.

चौकट कुठे लावावी याविषयी त्यांनी दिलेला सल्ला नागपूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावा. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या उन्हात आपल्याकडे घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात आणि बैठकीच्या खोलीतील हवा सतत दमट राहते. कूलरच्या झोतासमोर लावलेल्या चौकटीत ओल शिरते आणि कांस्यावर हिरवट भुकटी धरते. पश्चिमेची तापणारी भिंतही टाळावी. आमची चौकट आतल्या मार्गिकेत, कूलरपासून दूर आहे. झाकणामागे ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलची पुडी आहे आणि ती पावसाळ्याआधी बदलावी लागते. पावसाळ्यानंतर झाकण उघडून पाहिले तेव्हा धातूवर कोणताही नवा डाग नव्हता.

माहितीपट्टीवरून मात्र घरात आणि दुकानात बरीच चर्चा झाली. माझ्या चुलतभावाला पट्टीवर ‘शौर्यपदक विजेते’ असे हवे होते. मालकांनी साफ नकार दिला. “हे लढाईत हजर होते त्याचं मेडल आहे, दादा. बहादुरीचं वेगळं राहते,” असे त्यांनी सांगितले आणि पुरावा आणल्यास ते लिहून देण्याची तयारीही दाखवली. पुरावा नव्हता. पुढे मी ‘शैबा आणि टेसिफॉनच्या लढायांत लढले’ असा मजकूर दिला, तोही त्यांनी अडवला. पलटण तिथे होती हे पक्के आहे. पण त्या दिवशी एखादा शिपाई इस्पितळात होता, तळावर होता की आघाडीवर, हे पलटणीच्या इतिहासावरून सिद्ध होत नाही. म्हणून पट्टीवर ‘यांची पलटण शैबा, टेसिफॉन व कुत येथे लढली’ असे आहे, आणि त्याखाली मृत्यूचा महिना व बसरा स्मारकाचा उल्लेख आहे. दोन्ही वाक्यांतला फरक लहान दिसतो, पण साध्या शिपायाच्या बाबतीत कागद जेवढे सांगतो तेवढेच लिहिणे हा त्याचा मान राखण्याचा एकमेव मार्ग आहे, असे मला वाटते. तुर्कांवर तलवार घेऊन धावणारा आबा कुणीही रचू शकतो. पुराच्या चिखलात, अर्ध्या पोटी, वेढ्यात महिनोन्‌महिने पहारा करणारा आबा रचावा लागत नाही.

आता उणिवा. पदके ठेवून घेताना दुकान छापील पावती देत नाही. पाकिटावर पेन्सिलने आडनाव आणि मोबाइल क्रमांक लिहिला की झाले. ज्या वस्तूचे मोल तिच्यावरच्या नावात आहे, ती अशा पाकिटात शेकडो पाकिटांबरोबर खणात ठेवली जाणे योग्य नाही. मी स्वतःच यादी लिहून, कडेवरचा मजकूर तिच्यात नोंदवून, मालकांची सही घेतली. त्यांनी ती आनंदाने दिली, पण हे ग्राहकाने सुचवण्याची वेळ येऊ नये. वेळेचे सांगायचे तर पोळ्याच्या आधी देतो म्हणून सांगितलेले काम दिवाळीनंतर मिळाले, आणि मधल्या काळात फोन क्वचितच उचलला गेला. रेजिमेंटच्या कार्यक्रमांचे काम आले की जुनी पदके मागे पडतात, हे कारण समजण्यासारखे असले तरी आधी सांगितले तर बरे. पट्टीची मराठी छपाई पहिल्यांदा सदोष होती. जोडाक्षरे तुटलेली, पाय मोडलेले ‘ज्‌’ सुटे पडलेले. दुसऱ्यांदा विनाशुल्क करून दिली. काच साधी असल्याने समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते. अॅक्रिलिक हवे असल्यास आधी सांगावे लागते आणि खर्च वाढतो.

एक तक्रार तत्त्वाची आहे. ज्यांची पदके हरवली किंवा चांदीचा भाव चढला तेव्हा मोडीत गेली, त्यांना हे दुकान प्रतिकृती मागवून देते. त्यांच्या कडा कोऱ्या असतात आणि मालक ती गोष्ट लपवत नाहीत. परंतु चौकटीत बसल्यावर समोरून खरे-खोटे ओळखता येत नाही, आणि आणखी दोन पिढ्यांनी घरचे तिला अस्सल समजून बसणारच. पट्टीवर ‘प्रतिकृती’ असे ठळक लिहिण्याचा नियम दुकानाने करावा. ‘शौर्यपदक’ लिहायला नकार देणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

खर्च एकूण पाच हजारांच्या आत आला, त्यात तिन्ही रिबन, चौकट, पट्टी आणि छायाचित्रे आली. निम्मी रक्कम आगाऊ घेतात. १९७१ च्या युद्धाच्या ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’, ‘संग्राम मेडल’ अशा पदकांचे काम इथे जास्त होते आणि ते स्वस्तात व लवकर मिळते, कारण रिबन तयार असतात. पहिल्या महायुद्धाच्या रिबन मागवाव्या लागतात. तुमच्याकडची पदके कोणत्या पलटणीची हे ठाऊक नसले तरी हरकत नाही, कडेवरून मालक सांगतात. मराठा पलटणींच्या बाबतीत पुढची चौकशी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे करा, असा सल्लाही देतात.

जाण्यासाठी मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि तिथून बस किंवा ऑटोने कामठी, हा सोपा मार्ग आहे. दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धे खाली असते. पदके सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून न्यावीत, देण्याआधी प्रत्येक कडेचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे, आणि स्मारक आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदीची छापील प्रत सोबत ठेवावी. ती विनामूल्य मिळते आणि तिच्याशिवाय पट्टीचे काम पुढे सरकत नाही. फाटक्या जुन्या रिबन फेकून दिल्या जात नाहीत, त्या पाकिटात घालून परत मिळतात, पण मागितल्यावरच.